लग्नाला न गेलेले दोन बाप : ही कादंबरी वाचन-गटात कशी घ्यावी

ही कादंबरी गटात घ्यायची ठरली असेल, तर सगळ्यात आधी ती एखाद्या इंग्रजी न वाचणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला मराठीत सांगून बघा. मी ते योगायोगानंच केलं आणि माझी आठवडाभराची तयारी कचऱ्यात गेली. गेली ते बरंच झालं.

आमचा गट व्हर्जिनियातला, रिचमंडच्या वायव्येला शॉर्ट पंप-ग्लेन ॲलन भागातला. एक महिना मराठी पुस्तक, एक महिना इंग्रजी, तिसऱ्या शनिवारी दुपारी, आमच्या बेसमेंटमध्ये. माझ्याकडे घडीच्या चौदा खुर्च्या आहेत, गट चालवण्याची माझी पात्रता एवढीच. मूळचा सांगलीचा, पोटासाठी डेटाबेस सांभाळतो. आमच्यातले निम्मे पुरुष बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेले, त्यामुळे ‘या वेळी खुनाची कादंबरी’ असा निरोप टाकला तेव्हा एरवी मुलांच्या सॉकरची सबब सांगणारेसुद्धा पहिल्या दहा मिनिटांत ‘येतो’ म्हणाले.

पुस्तक एस. ए. कॉस्बी यांचं, ‘रेझरब्लेड टीअर्स’, २०२१ सालचं. लेखक आमच्याच राज्याच्या आग्नेय भागातला, म्हणून निवडलं. गोष्ट थोडक्यात अशी. आइक रँडॉल्फ हा कृष्णवर्णीय माणूस, तुरुंगातून सुटून पंधरा वर्षं झालेली, आता लोकांच्या बागा आणि हिरवळ राखायचा धंदा करतो. बडी ली जेन्किन्स हा गोरा, तोही तुरुंग पाहिलेला, ट्रेलरमध्ये, म्हणजे ओढून नेता येणाऱ्या तकलादू घरात, एकटा राहतो, दारू पितो. आइकचा मुलगा आयझाया आणि बडी लीचा मुलगा डेरेक यांनी एकमेकांशी लग्न केलेलं. त्या दोघांना रिचमंडमध्ये गोळ्या घालून मारतात. पोलिसांचा तपास पुढे सरकत नाही, आणि मुलांना जिवंतपणी नीट जवळ न घेतलेले हे दोन बाप मारेकऱ्यांच्या मागे निघतात. मागे एक लहान नात उरलेली असते, ती आइक आणि त्याच्या बायकोकडे वाढते आहे. याच्या पुढचं इथे सांगत नाही.

आता ते वडीलधारे. गटातल्या एकाचे वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणतो. एप्रिलचा महिना, आमच्याकडे झाडं फुललेली, आणि ते मफलर गुंडाळून तळ्याभोवती फेऱ्या मारत. मी संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालायचो. ‘काय वाचताय हल्ली?’ असं त्यांनी विचारलं म्हणून सांगायला लागलो, रोज दोन-तीन प्रकरणं. त्या दिवसांत घरोघरी झाडांच्या बुंध्यांशी ताजा मल्च, म्हणजे लाकडाचा भुगा, पसरत होते. तो ओला लाकडी वास नाकात आणि तोंडात आइकच्या धंद्याची गोष्ट, असं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी ते थांबले आणि म्हणाले, “ते दोघं लग्नाला गेले नव्हते का?”

“नव्हते.”

“दोघंही?”

“दोघंही.”

मग ते गप्पच झाले. दोन फेऱ्या तशाच झाल्या.

घरी येऊन मी माझी नऊ प्रश्नांची यादी काढली. सूड, हिंसा, वंशद्वेष, पोलीस, लेखकाची शैली, सगळं होतं. लग्नावर एक प्रश्न नव्हता. ज्या समाजात मामा लग्नाला आला नाही म्हणून तीस-तीस वर्षं बोलणं बंद राहतं, त्या समाजातल्या चौदा माणसांपुढे मी हे पुस्तक ठेवणार होतो, आणि मला लग्न दिसलं नव्हतं! यादी फाडली. या कादंबरीची चर्चा खुनापासून सुरू करू नका, लग्नापासून करा. माझं सांगणं मुळात एवढंच आहे, बाकी सगळी व्यवस्था.

व्यवस्थेला पाच आठवडे हातात ठेवा. तीनशेवर पानं आहेत पण सुसाट जातात. वाचनालयाच्या प्रती आधी राखून ठेवा, ज्यांना डोळ्यांचा त्रास त्यांना ऑडिओ सुचवा. मात्र भाषेची पूर्वसूचना द्या. यात वर्णावरून आणि लिंगभावावरून दिल्या जाणाऱ्या शिव्या पानोपानी आहेत, मारामारी रक्तबंबाळ आहे, आणि प्रेताची विल्हेवाट लावण्याचा एक प्रसंग जेवताना वाचण्यासारखा नाही. आम्ही ठरवलं की उतारे मोठ्यानं वाचताना त्या शिव्या उच्चारायच्या नाहीत, ‘इथे शिवी आहे’ असं म्हणून पुढे जायचं. काहींना हे बालिश वाटलं. वाटू दे.

आपल्या भाषेकडेही बघून घ्या. मराठीत आपण शिवी देत नाही, ‘तसला’ म्हणतो. “मुलगा तसला होता ना,” असं आमच्याकडच्या एका सज्जन गृहस्थांनी फोनवर अगदी सहज म्हटलं, आणि त्यांच्या मनात खरोखर काही वाईट नव्हतं. मी त्यांना म्हटलं, पुस्तकभर आइक आणि बडी ली मुलांबद्दल असंच बोलत आलेत, शब्द इंग्रजी आहेत इतकंच. शनिवारी आपण ‘समलिंगी’ म्हणूया, किंवा सरळ ‘आयझाया आणि डेरेक’. ते म्हणाले, “बरं.” हे बोलणं आधी, खासगीत झालं पाहिजे. चर्चेत सगळ्यांसमोर टोकलंत तर तो माणूस उरलेले दोन तास हाताची घडी घालून बसेल.

आणखी एक खासगी काम, आणि हे मी ठेच लागून शिकलो. दोन वर्षांपूर्वी आम्ही आईच्या दुःखावरचं एक पुस्तक घेतलं होतं. चर्चा थंड चालली होती, म्हणून मी मोठ्या उत्साहानं विचारलं, “कुणाला असा अनुभव आहे का?” खोलीतल्या सगळ्या नजरा नकळत एका वहिनींकडे वळल्या. त्यांचा भाऊ वर्षापूर्वी गेला होता. सगळ्यांना माहीत होतं, मलाही. त्या ‘पाणी घेऊन येते’ म्हणून वर गेल्या आणि चार महिने गटात आल्या नाहीत. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून नियम असा की प्रश्न फक्त पुस्तकातल्या माणसांबद्दल विचारायचा. कुणाला स्वतःचं सांगायचं असेल तर तो वाट काढतोच, आपण दार दाखवायला जाऊ नये. आणि ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांना आधी एक ओळ लिहायची. मी लिहिलं होतं, “वहिनी, या पुस्तकात तरुण मुलांचे मृत्यू आहेत, अगदी सुरुवातीलाच. नाही आलात तरी चालेल, नुसतं ऐकायला आलात तरी चालेल.” त्यांचं उत्तर आलं : “चिवडा मी आणते.”

माहितीचा एक कागद करून ठेवा, म्हणजे ऐन रंगात कुणी फोन काढून शोधत बसत नाही. रिचमंडमध्ये राहत असलो तरी आमच्यातल्या बहुतेकांचं रिचमंड म्हणजे ऑफिस, देशी किराणा आणि विमानतळ. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात हे शहर गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांची राजधानी होतं, हे नागरिकत्वाच्या परीक्षेपुरतं पाठ केलेलं. इथल्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवरचा, त्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचा प्रचंड अश्वारूढ पुतळा १८९० मध्ये उभा राहिला आणि ८ सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे ही कादंबरी आल्यानंतर दोनेक महिन्यांनी, उतरवला गेला. ही हवा कादंबरीत आहे. आइक आणि बडी ली एका गाडीत बसून भांडतात ते त्या पुतळ्याच्या सावलीत, असं म्हटलं तरी चालेल.

कागदावरची दुसरी नोंद लग्नाची, आणि ती जास्त महत्त्वाची. रिचमंडहून वॉशिंग्टनकडे जाताना वाटेत कॅरोलाइन काउंटी लागते. तिथल्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याला १९५८ साली रात्री घरात घुसून अंथरुणातून अटक झाली, कारण तो गोरा होता आणि ती नव्हती. त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं होतं. शिक्षा एका वर्षाची. पंचवीस वर्षं राज्याबाहेर राहिलात तर माफ. अशा मिश्रवंशीय लग्नांवर बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये मोडीत काढले. पुढे २००६ मध्ये याच व्हर्जिनियानं लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच असं राज्यघटनेत लिहून घेतलं, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यायालयांच्या निकालांमुळे इथे समलिंगी जोडप्यांची लग्नं सुरू झाली. आता आयझाया आणि डेरेककडे बघा : एक काळा, एक गोरा, दोघं पुरुष. दोन-दोन कायदे मोडून पडले तेव्हा कुठे त्या पोरांचं लग्न लागलं. कायदे हटले, बाप हटले नाहीत.

भारताची नोंदही ठेवा, कारण ‘आपल्याकडे काय’ हा प्रश्न येणारच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो संसदेचा विषय मानला. यावर आमच्याकडे दहा मिनिटं ठेवली होती, बावीस लागली. दोन इंजिनिअर आणि एक वकील असल्यावर आणखी काय होणार? तुम्ही घड्याळ लावा.

प्रत्यक्ष शनिवारी खुर्च्या गोलात मांडा, मध्ये टेबल ठेवू नका. टेबल असलं की त्याचं ऑफिस होतं. खाणं बाजूला. मी दाण्याचे लाडू केले होते, व्हर्जिनियाच्या शेंगदाण्यांचे. टपोरा असतो हा दाणा, पण भाजून सालं काढताना कळतं की आपल्याकडच्या बारक्या दाण्याची चव निराळीच. पुस्तकात बर्बन वाहते म्हणून एकानं बाटली आणायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. दारूवर माझा राग नाही, पण बाप-लेकांच्या विषयावर प्यायलेले पुरुष फार लवकर रडतात आणि दुसऱ्या दिवशी फार लवकर विसरतात.

‘पुस्तक आवडलं का?’ यानं सुरुवात करू नका. लगेच दोन पक्ष पडतात आणि मग प्रत्येकजण आपली बाजू राखत बसतो. पहिली फेरी एवढीच ठेवा : प्रत्येकानं एक पान क्रमांक सांगायचा, जिथे पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं. कारण सांगायचं नाही. आमच्या चौदांपैकी पाच जणांनी एकच जागा सांगितली, मुलांच्या थडग्याच्या दगडाची मोडतोड होते ती. खुनाची जागा कुणीच सांगितली नाही.

त्यानंतर मी आजोबांचा प्रश्न ठेवला, जसाच्या तसा : हे दोघं लग्नाला का गेले नाहीत? इथे तुमचं काम म्हणजे सोपी उत्तरं परत पाठवणं. “बुरसटलेले होते” हे पहिलं उत्तर. बरं, पण मग नातीला सांभाळतायत ते? “समाजाला घाबरत होते.” बडी लीचा समाज कोणता? ट्रेलरमध्ये एकटा राहणाऱ्या माणसाला कोण नावं ठेवणार होतं? गट अडखळला की समजा गाडी रुळावर आहे. मग बारीक प्रश्न सोडा. लग्नाच्या दिवशी आइक काय करत असेल, कामावर गेला असेल का? गेला असेल तर कुणाची हिरवळ कापली असेल? त्याच्या बायकोनं संध्याकाळी त्याला काय वाढलं असेल? पुस्तकात नसलेली ती संध्याकाळ आमच्या लोकांनी अर्धा तास उभी केली. एक बाई म्हणाल्या, “तिनं वाढलंच नसेल. झाकून ठेवलं असेल.” त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण झाकून ठेवलेलं ताट सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेलं होतं.

पुरुष मंडळी मध्येच पळ काढतील, तयारीत राहा. पळायच्या वाटा ठरलेल्या : बंदुका, गाड्या, कथानकातल्या फटी, सिनेमा झाला तर कोण शोभेल. नागपूरकर एकजण ‘पोलिसांना इतकं कसं कळत नाही’ यावर घसरले तेव्हा मी त्यांना एक काम दिलं : पुस्तकात किती माणसं मरतात ते मोजा. त्यांनी हौसेनं फोनवर यादी सुरू केली. ती मध्येच थांबली. म्हणाले, “यातल्या बऱ्याच जणांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत.” मी आयता धागा पकडला : आइक आणि बडी ली यांनी मारलेली पोरं कुणाची होती? त्यांचे बाप कुठे आहेत?

इथे आजोबांनी तोंड उघडलं. दीड तास ते नुसते ऐकत होते. म्हणाले, “‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’, आपण पुरावा दाखवताना म्हणतो. पण पुढचं कुणी सांगत नाही.” आणि त्यांनी पुढचं सांगितलं. अभिमन्यू पडला, अर्जुनानं सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायची प्रतिज्ञा केली, इथवर सगळ्यांना ठाऊक. पण जयद्रथालाही बाप होता, वृद्धक्षत्र नावाचा. माझ्या मुलाचं डोकं जो जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील, असं तो बोलून बसलेला. कृष्णानं हे अर्जुनाला सांगितलं. म्हणून बाणांनी ते डोकं उडवत दूर नेलं आणि संध्या करत बसलेल्या वृद्धक्षत्राच्या मांडीवर टाकलं. तो दचकून उठला, डोकं जमिनीवर पडलं, आणि त्याचंच डोकं फुटलं. “पोरगं गेलेल्या बापानं दुसऱ्या बापाच्या मांडीवर त्याच्या पोराचं मुंडकं टाकलं,” आजोबा म्हणाले. “आणि आम्ही लहानपणी टाळ्या वाजवायचो.”

अशा वेळी काही म्हणजे काही करू नका. ‘वा, काय छान सांगितलंत’ नको. पुढचा प्रश्न नको. मी माझ्या पायांकडे बघत मनात साठपर्यंत आकडे मोजले, चाळीसच्या आसपास कुणीतरी लाडू उचलला, आणि वकीलबाईंनी विचारलं की मग व्हर्जिनियानं २०२१ च्या मार्चमध्ये फाशीची शिक्षा रद्द केली ते या दोन बापांना पटलं असतं का. दक्षिणेतलं हे पहिलंच राज्य, आणि कादंबरी त्यानंतर काही महिन्यांतच आलेली. हा प्रश्न माझ्या फाडलेल्या यादीत पहिला होता. तेव्हा तो वादविवाद स्पर्धेतला वाटला असता. या वेळी लोकांनी सावकाश, शब्द चाचपून उत्तरं दिली. दोघांनी मत दिलंच नाही.

त्या वहिनी शेवटपर्यंत होत्या. एकदाच बोलल्या, आणि त्याही बडी लीच्या विनोदांबद्दल : हा माणूस सारखा फालतू विनोद का करतो ते मला कळतं, म्हणाल्या. ‘का?’ असं मी विचारलं नाही.

शेवटी प्रत्येकाकडून पुस्तकाला गुण मागायची पद्धत आमच्याकडे होती, या पुस्तकापुरती मी ती मोडली. खुनी कोण हे आधी ओळखलं का, यावर मात्र पाच मिनिटं होऊ द्या. झुंजारच्या वाचकांचा तेवढा हक्क आहे. तिघांनी ओळखलं होतं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या महिन्यासाठी हलकं पुस्तक त्याच वेळी ठरवून टाका. आणि त्या रात्री गटावर फोटो, सारांश, ‘अविस्मरणीय संध्याकाळ’ वगैरे काही टाकू नका. मी टाकलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकानं मला एकट्याला फोन करून पाऊण तास आपल्या वडिलांबद्दल सांगितलं. गटावर गुलाबाची फुलं पडली असती तर तो फोन आला नसता.

आणि खुर्च्या. सगळे निघाले की कुणीतरी एकजण खुर्च्या आवरायला मागे राहतो. त्याला ‘राहू दे, मी करतो’ म्हणू नका. आमच्याकडे ते ‘तसला’ म्हणणारे गृहस्थ राहिले होते. त्यांचा मुलगा सिॲटलला असतो, एवढं मला माहीत. सात खुर्च्या त्यांनी घडी केल्या, सात मी. भिंतीला लावून झाल्यावर त्यांनी हात झटकले, जिन्याची एक पायरी चढले आणि वळून विचारलं, “तिकडे आत्ता किती वाजले असतील?” मी म्हटलं, तीन तास मागे, साडेतीन. ते गाडीत जाऊन बसले. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. मी वरचा दिवा चालूच ठेवला.